माझ्या गालाची काचपट्टी

मिलिंद, तू जे पाहिलंस ते सांगून तरी जायचं होतंस.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मंडपात एवढी माणसं जमली की पूर्णेचा पूर परवडला. वंदना झाली, भाषणं झाली आणि माइक माझ्याकडे आला. तालुक्यातलं लग्न असो की निरोप समारंभ, निवेदन माझंच, हे तुला ठाऊक. मी दोन वाक्यं बोललो आणि माइक खाली ठेवला. लोक म्हणाले, सर गहिवरले. मागच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. गहिवर होताच, नाही कशाला म्हणू? पण खरी गोष्ट तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. ‘आदरणीय’ म्हणायला तोंड जेवढं उघडावं लागतं, तेवढं उघडलंच नाही. जबडा अर्ध्यात अडकला, गंजलेल्या फाटकासारखा. समोर हार घातलेला तुझा फोटो, आणि मी त्याच्याकडे पाहून मनात एकच विचारत होतो, काय दिसलं बे तुला?

नांदुरा आणि जळगाव जामोदच्या मधल्या आपल्या शाळेत तू विज्ञान शिकवलंस, मी मराठी. तू खरं सांगायचास आणि पोरांना झोप यायची. मी खोटं सांगायचो आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं उठायची नाहीत. पण वर्षातून एकदा तुलाही माझी गरज लागायची. नववीच्या वर्गाला पेशी दाखवायचा दिवस. वनस्पती पेशीसाठी कांदा, प्राणी पेशीसाठी मी.

आधी पोरं आपापल्या गालातून काडीनं खरवडून घ्यायची. मग एका वर्षी एका बहाद्दरानं अशी काडी फिरवली की सगळं तोंड रक्तानं भरलं. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप शाळेत येऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर अशी थाप मारून गेला की टेबलाचा एक पाय आजही लंगडतो. तेव्हापासून फर्मान निघालं, लेकरांच्या तोंडाला हात लावायचा नाही. म्हणून तू दात कोरायची काडी घेऊन स्टाफरूममध्ये यायचास.

“चाल बे थापाड्या, तोंड उघड. प्राणी म्हनून तुही निवड झाली.”

“स्वतःचा गाल काऊन नाही वापरत?”

“मह्या पेशीले शाई टाकावं लागते. तू तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन आतून रंगवूनच आनतं.”

मग ती काडी काचपट्टीवर टेकवायची, मिथिलिन ब्लूचा थेंब टाकायचा, वरून पातळ काच ठेवायची. पोरांची रांग लागायची. कांद्याच्या पेशी आधीच पाहून झालेल्या असायच्या, विटा रचल्यासारख्या नीटनेटक्या, प्रत्येकीला भित्तिका, मधे पाण्यानं भरलेली मोठी रिक्तिका आणि कोपऱ्यात ढकललेलं केंद्रक. त्यानंतर माझ्या. कशाही पसरलेल्या, कडा दुमडलेल्या, पण प्रत्येकीच्या पोटात एक निळा ठिपका. मी दारात उभा राहून पोरांना सांगायचो, “नीट पाहा, त्यातली एक डोळा मारून राह्यली. जिल्ह्यातले निम्मे डॉक्टर याच गालावर शिकले.” पोरं खो खो हसायची. तू मला हाकलायचास, पण आधी पुरतं ऐकून घ्यायचास.

आपलं त्या भित्तिकेवरचं भांडण तर संपायचंच राहिलं. मी म्हणायचो, देवानं भेदभाव केला.

“कांद्याले भित्तिका, बाभळीले भित्तिका, गाजरगवतालेई भित्तिका. अन् माणसाले काय? नुस्तं पटल. पन्नी! कोनीबी यावं अन् आत घुसावं.”

“पन्नी नाही बे थे. थे निवड करते. कोनाले आत घ्याचं, कोनाले बाहेर ठेवाचं.”

“मंग खर्रा काऊन आत घेते?”

“तू रोज दारावर धडका मारशीन तं थे बिचारं काय करीन?” आणि मग तुझा ठरलेला शेवट, “तुह्या पेशीले भित्तिका असती न, तं तुही जीभ जाग्यावर उभी राह्यली असती, खोडासारखी. गावाले केवढा आराम भेटला असता, इचार कर.”

यावर माझं उत्तर तयार होतं. या वर्षीच्या प्रयोगानंतर देणार होतो. द्यायचं राहून गेलं.

या वर्षी तू काचपट्टी लावलीस आणि डोळा टेकवलास. दर वर्षी दोन श्वासांत तू पहिल्या पोराला बोलवायचास. या वेळी बोलावलं नाहीस. चाक फिरवलंस. मोठं भिंग आणलंस. काचपट्टी थोडी डावीकडे सरकवलीस, थोडी उजवीकडे. रांगेतली पोरं चुळबुळू लागली. मी दारातून माझी ठरलेली थाप मारली, आणि वर्ग हसला तरी तू मान वर केली नाहीस. मग उठलास, म्हणालास, “ही स्लाइड बिघडली,” आणि ती थेट नळाखाली धरलीस. घासून घासून धुतलीस. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काडी स्वतःच्या गालात घातलीस.

शाळा सुटल्यावर व्हरांड्यात मला गाठलंस.

“तोंड उघड.”

“पुन्हा? दुसऱ्या तुकडीलेई मीच का?”

“उघड मनतो न. तीन बोटं उभी घाल.”

मी घातली. दोन गेली, तिसरं दातांवर आपटलं. मी म्हणालो, “बोटं जाड झाली बे, सुनंदावहिनीच्या हातचे धिरडे खाऊन.” यावर तू हसायला पाहिजे होतंस. दगडही हसला असता.

“तिखटानं आग होते का?”

“ठेच्यानं कोनाची होत नाही?”

“सोमवारी अकोल्याले चाल. मी येतो संग.”

“काय दिसलं तुले?”

“शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून असं काही समजत नसते.”

“मंग धुतली काऊन?”

तू प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप लावत होतास. किल्ली आत फिरत नव्हती की तुझा हात फिरत नव्हता, मला कळलं नाही.

शनिवारी शेवटच्या तासाला तू भिंतीपलीकडच्या वर्गात लयकारिका, म्हणजे पेशीतल्या पाचकरसाच्या पिशव्या, शिकवत होतास. माझ्या वर्गात शुद्धलेखन चालू होतं, त्यामुळे शांतता होती आणि तुझा शब्द न् शब्द ऐकू येत होता. पेशी खराब झाली की या पिशव्या फुटतात, पेशी स्वतःच स्वतःला पचवून टाकते, म्हणून यांना आत्मघाती पिशव्या म्हणतात. शरीराचं भलं व्हावं म्हणून एकीनं मरायचं. मी मनात म्हटलं, आपल्या ग्रामपंचायतीत अशी एक पेशी निवडून आली पाहिजे. तेवढ्यात तुझ्या वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, “सर, अन् जे पेशी खराब होऊनही मरतच नाही, थे?”

पलीकडे खडूचा आवाज थांबला. माझ्या वर्गातल्या पोरांच्या पेनांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मग तुझा आवाज आला, “ते पुढच्या तासाला सांगतो.”

पुढचा तास आलाच नाही. रविवारी सकाळी चहाचा कप हातात असताना तू खुर्चीतच एका अंगाला कललास. वहिनींना वाटलं, डुलकी लागली.

तुला न्यायला आख्खं गाव लोटलं होतं. मीही खांदा दिला. बाकीचे रडत होते आणि माझी जीभ गालाच्या आतून फिरत होती, एका खरखरीत जागेवर जाऊन थांबत होती, परत फिरत होती. रडायला मला रात्र व्हावी लागली, आणि तेव्हाही कोणासाठी रडतोय ते धड कळत नव्हतं.

तेव्हापासून मी आरशाला चिकटलो आहे. मोबाइलचा उजेड तोंडात धरून गाल बाहेर ओढतो. आत एक पांढरट पट्टा आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळी धुकं साचतं तसा, पण हे धुकं ऊन चढलं तरी हटत नाही. बोटानं दाबलं की गाल गालासारखा लागत नाही, लिंबाच्या सालीसारखा लागतो. तूच सांग, मी काय समजावं? मला भित्तिका पाहिजे होती न? आतून कोणीतरी बांधायला घेतली आहे. रोज एक थर. आज ‘आ’ अडला, उद्या ‘का’ अडेल, मग एक दिवस वर्गावर उभा राहीन आणि पोरांना वाटेल सरांच्या जागी कोणी बाभूळ आणून लावली.

घरी कुंदाला काही सांगितलेलं नाही. तिनं एकदा विचारलं, “काऊन हो, आताशा भाकर दुधात कुस्करून खाता? दात पडले का?” मी म्हणालो, मिलिंदच्या नावानं तिखट सोडलं. तिनं डोळे पुसले आणि दुधावर साय जास्त घातली. बघ, तू मेल्यावरही मला कामी येऊन राह्यला.

मग एक दिवस वाटलं, आपणच पाहावं. तुझ्या जागेवर तासिका तत्त्वावर एक तरुण मॅडम आल्या आहेत. त्यांच्याकडून कपाटाची किल्ली मागितली. आपल्या हातानं काडी फिरवली, निळा थेंब टाकला, काच ठेवली, डोळा लावला. मिलिंद, मी काय पाहिलं सांगू? एक प्रचंड गोल. कडेला जाड काळी रेघ, विहिरीच्या काठासारखी, आणि मधे काहीच नाही. त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा. मला वाटलं, संपलं. आपल्या गालात विहिरी खणल्या गेल्या आहेत. मी स्टूलसकट मागे पडलो. हे मात्र मी वाढवून सांगत नाही, कोपर अजून काळंनिळं आहे.

मॅडम धावत आल्या. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, “सर, हे हवेचे बुडबुडे आहेत. काच तिरपी टेकवली नाही तर असे अडकतात. तुमच्या पेशी बाजूला आहेत, या बघा.”

पाहिल्या. फिकट निळ्या, दुमडलेल्या, प्रत्येकीत गडद ठिपका. मी विचारलं, “मॅडम, यांचं केंद्रक मोठं वाटतं का?”

त्यांनी सरळ मनानं विचारलं, “कशाच्या तुलनेत, सर?”

खरा मागे पडलो तो तेव्हा, बुडबुड्यांनी नाही. कशाच्या तुलनेत, हे सांगणारा एकच माणूस होता. दर वर्षी माझ्या गालात डोकावणारा तू. माझी पेशी मागच्या वर्षी कशी होती, त्याच्या मागच्या वर्षी कशी होती, हे आईला ठाऊक नव्हतं, बायकोला नाही, मला स्वतःला नाही. फक्त तुला. आणि तू ते सगळं डोळ्यांत घेऊन गेलास.

शेवटी तुझ्या घरी गेलो. वहिनींना विचारायचंच असं ठरवून गेलो आणि दारात उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारू लागलो. त्या अंगणात मुगाची डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भाऊजी, या सोमवारी किती वाजता निघाचं?”

“कोठी?”

“अकोल्याले. यायनं सांगतलं होतं मले.”

मी कुंदाला सांगितलं, मिलिंदच्या कागदपत्रांचं काम आहे, वहिनींसोबत जाऊन येतो. एसटीनं नांदुरा, तिथून गाडी. वहिनी खिडकीशी, मी समोर. डब्यात एक घर कुठल्यातरी लग्नाला निघालं होतं, त्यांच्यातला एक म्हातारा खर्रा घोटत होता, आणि त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि जीभ त्या खरखरीत जागेवर जाऊन टेकली. शेगाव आलं तसा मी उठलो.

“वहिनी, कचोरी आनतो. गरम भेटते.”

“बसा.”

“अवो, गाडी थांबते बराच वेळ.”

“भाऊजी, यायनं मले पयलेच सांगून ठेवलं होतं. थ्याले एकट्याले धाडू नोको. थो शेगावले कचोरीच्या नावानं उतरीन अन् वापस येईन.”

आख्खा डबा हसला. म्हातारा तर ठसका लागेपर्यंत हसला. मी बसलो. चोर पकडला गेल्यावर त्याला कसं हलकं वाटतं, तसं क्षणभर वाटलं. गाडी सुटली. मग मी हळूच विचारलं, “अजून काय म्हनला थो? स्लाइडचं?”

वहिनी बाहेरच्या कपाशीकडे पाहत राहिल्या. “काही नाही म्हनले.” मग बाहेर बघतच म्हणाल्या, “पन त्या दिवशी जेवले नाही.”

मिलिंद, अकोला येईपर्यंत मी खिडकीचा गज सोडला नाही. तू न जेवलेला मला आठवतच नाही. सासऱ्याच्या मयतीहून आलास तेव्हाही दोन भाकरी खाल्ल्या होत्यास. माझ्या गालातलं असं काय होतं की तुझ्या ताटापर्यंत येऊन बसलं? आणि रागही आला तुझा. माझी भीती घरी घेऊन जायला कोणी सांगितलं होतं? माझी पेशी तू मोठ्या भिंगाखाली धरलीस, डावीउजवीकडे सरकवून पाहिलीस. तुझ्या काळजात काय चाललं होतं ते कोणी पाहिलं? एक माणूस म्हणाला नाही की मिलिंद, तू आडवा हो, आता तुझं पाहू. मीही नाही म्हणालो.

डॉक्टर पोरगेलाच होता. “आ करा.” केला. “अजून.” म्हटलं, एवढाच होतो. “एवढाच?” एवढाच. त्यानं मास्क वर ओढला, त्यामुळे त्याचा चेहरा वाचता आला नाही. मास्क याच कामासाठी शोधला असावा. सुई टोचली, गाल बधिर झाला, आणि मसुराच्या डाळीएवढा तुकडा कापून त्यानं एका इवल्या बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकला. तो तुकडा तिथे बुडाला आणि मला वाटलं, मी तिकडे आहे आणि खुर्चीत दुसराच कोणी बसला आहे.

मग त्यानं जखमेवर कापसाचा बोळा दाबला. त्या बोळ्यानं तू आठवलास. नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला टेकून आपण उभे होतो आणि तू एक तंतू ओढून माझ्या नाकासमोर धरला होतास. “हे एकच पेशी हाय बे. सरकीच्या सालीवरची एक पेशी लांबत लांबत जाते, मंग आतलं सारं मरते, नुस्ती भित्तिका उरते. तुहा सदरा मनजे मेलेल्या भिंती.” मी तेव्हा सदरा काढून फेकायचं नाटक केलं होतं आणि हमाल टाळ्या वाजवत होते. आता त्याच मेलेल्या भिंती दातांखाली दाबून धरल्या होत्या आणि त्या माझं रक्त पीत होत्या, थांबवत होत्या. तू असतास तर डॉक्टरलाही दोन गोष्टी शिकवून आला असतास. नसतास बोलला तर निदान माझ्याकडे पाहिलं असतंस. मला तेवढ्यात कळलं असतं.

“गुरुवारी या,” डॉक्टर म्हणाला. मी बोळ्याआडून विचारलं, काय वाटते? तो म्हणाला, “तपासणी होऊ द्या, आत्ताच काही सांगता येत नाही.” तुम्ही सगळे हे एकच वाक्य कुठे शिकता?

परतीच्या गाडीत गर्दी कमी होती. बोलायचं नाही, बोळा काढायचा नाही, अशी ताकीद होती. पारस गेलं. वहिनी इतका वेळ ताठ बसल्या होत्या. दवाखान्यातही त्याच पुढे होत्या, नंबर त्यांनी लावला, औषधं त्यांनी आणली. तुझ्या मयतीच्या दिवशीही लोकांसमोर त्या रडल्या नव्हत्या. आता मात्र पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “काही निघनार तं नाही न?”

आवाज असा की जोरात श्वास घेतला तर मोडेल. मला तेव्हा समजलं की या डब्यात भिणारा मी एकटा नाही. एक माणूस चहाचा कप हातात धरून त्यांच्या डोळ्यांदेखत गेला आहे, आणि हा दुसरा समोर रक्ताचा बोळा दाबून बसला आहे.

मी बोळा काढून रुमालात धरला.

“काही नाही निघत, वहिनी.”

“तुमाले काय माहीत?”

“मिलिंदनंच सांगतलं न मले. शनिवारी. मनला, साधं चट्टं हाय, औषधानं जाते. नुस्तं दाखवून घेऊ, मनला.”

“हाव?”

“हाव.”

वीस वर्षं त्या माझ्या थापा ऐकत आल्या आहेत. पहिल्या वाक्याला पकडतात, तुझ्याकडे पाहून डोळे मिचकावतात आणि पुढचं मजेत ऐकतात. त्या दिवशी त्यांनी पकडली नाही, की पकडून सोडून दिली, मला सांगता येणार नाही. त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, डोकं खिडकीच्या गजाला टेकलं आणि डोळे मिटले. नांदुरा येईपर्यंत त्या झोपल्या. मी पुन्हा बोळा दाबून बसलो. तो भिजून गेला होता.

आज मंगळवार आहे. गाल ठणकतो आहे. तू सांगितलं नाहीस, म्हणून तुझ्या तोंडी मी माझं वाक्य घातलं. रागावू नकोस. आजवर एवढ्या थापा मारल्या, एकही खरी व्हावी असं मला कधी वाटलं नाही. खरी झाली असती तर मजाच गेली असती. ही एक तुझ्या नावावर खपवली आहे, मिलिंद. एवढी एक खरी निघू दे बे.